बारा व्होल्टचे दिवे आणि फॅनचा रेग्युलेटर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जत्रा जवळ आल्या की गोव्यात वाड्यावाड्यावर नाटकाच्या तालमी सुरू होतात आणि आमच्यासारख्या लाइटवाल्यांचे फोन वाजायला लागतात, हे तुमच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पण अलीकडे फोनवरचा प्रश्न बदललाय. आधी विचारायचे, चार पारकॅन (डब्यातले स्टेजचे दिवे) आणि दोन हॅलोजनचे किती घेणार. आता विचारतात, आमच्या सभामंडपात नवीन स्पॉट बसवलेत, ते मंद का होत नाहीत, मंद केले की लपलपतात का, आणि वर सिलिंगमधला ट्रान्स्फॉर्मर गुरगुरतो कशाला. कमिटीवाले दिव्यांच्या नावाने खडे फोडतात, दिवे विकणारा व्होल्टेजला दोष देतो, वायरमन म्हणतो मी फक्त ओढून दिलं, आणि दुसऱ्या अंकात नायिकेच्या तोंडावरचा उजेड फडफडत राहतो. यात खरी चूक कुठे असते ते कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र, जरा लांब झालंय, पण कात्री लावताना धोक्याचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

आधी एक सांगतो, हे दिवे वाईट नाहीत. दोन इंची रिफ्लेक्टरचा एमआर १६ हॅलोजन, १२ व्होल्ट, ५० वॉट, हा चांगलाच दिवा आहे. ५० ला १२ ने भागा, चार अँपिअरपेक्षा जास्त करंट येतो, तोच ५० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर पाव अँपिअरसुद्धा घेत नाही. एवढा करंट न्यायचा म्हणून फिलामेंट जाड आणि आखूड करतात, उजेड एका बारीक ठिपक्यातून निघतो आणि बीम घट्ट मिळतो, गाभाऱ्यात देवाच्या मुकुटावर नेमका टाकायचा असेल तर दहा अंशांचा बीम मिळतो आणि बाजूचं काही उजळत नाही. जाड फिलामेंट थंड व्हायलाही वेळ घेतं, त्यामुळे फेड सुंदर होतो. आणि बारा व्होल्ट अंगाला धक्का देत नाही. तळीत किंवा कारंज्यात पाण्याच्या आत लावायच्या दिव्यांना एसीमध्ये १२ व्होल्टच्या वर जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. तेव्हा देवस्थानांनी, पंचायतींनी हे दिवे निवडले यात काही चुकलं नाही.

चुकतं ते पुढे. दिवा बारा व्होल्टचा, घरात येणारी वीज २३० ची, मध्ये ट्रान्स्फॉर्मर, आणि मंद करायचं म्हणजे ट्रान्स्फॉर्मरच्या आधी डिमर. म्हणजे डिमरला दिवा दिसतच नाही, त्याला दिसतो ट्रान्स्फॉर्मर. ही एक गोष्ट डोक्यात बसली तर निम्मी भांडणं मिटतील. बॉक्सवर 'डिमेबल' लिहिलेलं असतं ते दिव्याबद्दल, ट्रान्स्फॉर्मरबद्दल कोणी विचारतच नाही. दुकानात गेलं की, "पात्रांव (मालक), डिमेबल आहे, कुठलाही डिमर लावा." कुठलाही कसा चालेल?

ट्रान्स्फॉर्मर दोन जातींचे. एक लोखंडी, पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेला, वजनदार, दोनशे वॉटचा उचलला तर हाताला कळतो. दुसरा इलेक्ट्रॉनिक, काडेपेटीएवढा नाहीतर थोडा मोठा, हलका, आत छोटा सर्किट बोर्ड, जो ५० हर्ट्झची वीज घेऊन तिची हजारो हर्ट्झची करतो आणि मग बारावर आणतो. डिमरही दोन जातींचे. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होते, म्हणजे प्रत्येक अर्धी लाट दहा मिलिसेकंदांची. साधा ट्रायकवाला डिमर (ट्रायक म्हणजे एसीचा इलेक्ट्रॉनिक स्विच) प्रत्येक अर्ध्या लाटेचा पुढचा भाग कापतो, उशिरा चालू होतो आणि लाट शून्यावर आली की आपोआप बंद होतो. दुसरा डिमर मॉसफेटवाला, म्हणजे हवा तेव्हा बंदही करता येतो अशा ट्रान्झिस्टरचा, तो शून्यावर चालू होतो आणि मागचा भाग कापतो. लोखंडी ट्रान्स्फॉर्मरला पुढून कापणारा लावायचा, आणि तोही ज्याच्यावर ट्रान्स्फॉर्मरचा लोड चालतो असं लिहिलंय तोच. इलेक्ट्रॉनिकला बहुतेक वेळा मागून कापणारा लावतात. लोखंडीवर मागून कापणारा लावला तर कॉइलमधला करंट मध्येच तोडला जातो आणि व्होल्टेजचा फटका उलटा डिमरवर बसतो, इलेक्ट्रॉनिकवर पुढून कापणारा लावला तर आतल्या कपॅसिटरला दर अर्ध्या लाटेला करंटचा ठोसा बसतो, तो किणकिणतो आणि लवकर मरतो. ट्रान्स्फॉर्मरवर कुठला डिमर चालेल ते छापलेलं असतं. वाचायला कोणाला वेळ आहे म्हणा.

लोखंडी ट्रान्स्फॉर्मरची आणखी एक खोड आहे जी आमच्या धंद्यातल्याही बऱ्याच जणांना माहीत नसते. ट्रायकने वरची आणि खालची अर्धी लाट सारखी कापली तर ठीक. एक थोडी जास्त आणि एक कमी कापली, किंवा एका बाजूला ट्रिगरच, म्हणजे चालू व्हायचा इशाराच, झाला नाही, तर ट्रान्स्फॉर्मरमध्ये डीसी शिरतो. डीसीला कॉइल अडवत नाही, अडवतो तो फक्त तारेचा रेझिस्टन्स, आणि तो अगदी कमी. गाभा सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, करंट वाढतो, आधी गुरगुर ऐकू येते, मग वार्निशचा वास, मग धूर. स्वस्त डिमर मंद टोकाला असंच करतात, कारण कॉइलमध्ये करंट सावकाश चढतो आणि ट्रिगरचा एकच बारीक पल्स येऊन गेला की ट्रायक धरूनच ठेवत नाही. चांगल्या डिमरमध्ये ट्रिगर लांब ठेवतात किंवा पल्सची माळ देतात. म्हणून गुरगुर ऐकू आली की दिवा बदलू नका, आधी बंद करा. प्रत्येक ट्रान्स्फॉर्मरला प्रायमरीच्या, म्हणजे २३० च्या, बाजूला आपला आपला फ्यूज आणि थर्मल कटआऊट पाहिजे, चाळीस ट्रान्स्फॉर्मर एका एमसीबीवर टाकून भागत नाही, एक जळेपर्यंत त्या एमसीबीला पत्ताही लागत नाही. कोणी हुशारी करून म्हणतात मग डिमर बारा व्होल्टच्या बाजूलाच लावूया. लावा, पण ट्रायकमध्येच व्होल्ट-सव्वा व्होल्ट खाल्ला जातो, २३० मधून तो गेला तर कळत नाही, बारामधून गेला तर उजेडाचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. तिथे मॉसफेटच पाहिजे.

आता फॅनचा रेग्युलेटर. यावर खरं तर वेगळं पत्र लिहायला पाहिजे. जुना रेग्युलेटर ट्रायकवाला असायचा, हल्लीचा पायऱ्यांचा, आत कपॅसिटर. तो पंख्यासाठी छान आहे. तो लोखंडी ट्रान्स्फॉर्मरच्या पुढे लावला की कपॅसिटर आणि कॉइल एका लायनीत येतात आणि व्होल्टेज कमी व्हायच्या ऐवजी भलतंच होऊ शकतं, कधी वाढूही शकतं. तरी लोक लावतात, कारण तो घरात पडलेला असतो आणि स्विचबोर्डच्या खाचेत बसतो.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ती गोष्ट. नाटकात लाइट चालवणारा विंगेत उभा राहून चालत नाही, त्याला समोरून स्टेज दिसलं पाहिजे, म्हणून त्याला मंडपाच्या मागे बसवतात. मग कोणीतरी रेग्युलेटर किंवा डिमर उघडतो, त्याच्यातला नॉब, म्हणजे पॉट, बाहेर काढतो आणि त्याला दारावरच्या घंटीची बारीक वायर जोडून वीस-पंचवीस मीटर मागे नेतो, खांबाला सुतळीने बांधत बांधत, खुर्च्यांच्या खालून, आणि मागे एका लाकडी फळीवर तो पॉट ठोकतो. एका मंडपात मी ही वायर हातात घेऊन बघितली, इन्सुलेशन नखाने निघत होतं, एका जोडावर टेपसुद्धा नव्हती, नुसता पीळ. स्वस्त डिमरच्या पॉटवर पूर्ण २३० व्होल्ट खेळत असतात. म्हणूनच कंपनी त्याची दांडी प्लास्टिकची ठेवते. तुम्हाला वाटतं ही कंट्रोलची वायर आहे, बारीक आहे, दिवेही बारा व्होल्टचे आहेत, काय होणार. त्या वायरमध्ये फेज आहे. मुलं अनवाणी खुर्च्यांखालून धावतात, पाऊस तिरका आला की जमीन ओली असते, समुद्राच्या खाऱ्या हवेने जोड आधीच हिरवे पडलेले असतात. बारा व्होल्टचे सुरक्षित दिवे घेऊन त्यांच्यासाठी लोकांच्या पायाखालून २३० व्होल्ट फिरवायचे, याला काय म्हणावं. वर एवढं करून दिवे स्थिर राहतच नाहीत, कारण लांब वायर ही स्वतःच कपॅसिटरसारखी वागते आणि ट्रिगरची वेळ हलते.

याला उपाय जुना आहे आणि महाग नाही. डिमर ट्रान्स्फॉर्मरजवळच ठेवायचा आणि मागून त्याला फक्त निरोप पाठवायचा, किती उजेड पाहिजे तेवढा. निरोप म्हणजे ० ते १० व्होल्ट डीसी. शून्य म्हणजे बंद, दहा म्हणजे पूर्ण, पाच म्हणजे मधलं. डीएमएक्स, म्हणजे दिव्यांचं डिजिटल कंट्रोल, १९८६ मध्ये आलं, त्याच्या आधी बरीच थिएटरं या ० ते १० व्होल्टवर चालायची, आणि आजही दहा-बारा चॅनेलच्या छोट्या मंडपाला ते पुरतं. डिमरच्या आत हा दहा व्होल्टचा भाग आणि २३० चा भाग यांच्यामध्ये ऑप्टोकपलर किंवा छोटा ट्रान्स्फॉर्मर असतो, म्हणजे मधून उजेडाने किंवा चुंबकाने निरोप जातो, तारेने जोड नाही. वायर तुटली, कोणी पाय दिला, पाण्यात पडली, तरी दहा व्होल्टने कोणाला काही होत नाही. फक्त विकत घेताना हा आयसोलेशन आहे का ते विचारा, कारण अगदी स्वस्त बोर्डवर '०-१०' छापलेलं असतं आणि आतून सगळं फेजला जोडलेलं असतं. डिमर चालू करून मीटरचं एक टोक कंट्रोलच्या स्क्रूला आणि दुसरं अर्थिंगला लावा, एसीवर, तिथे दोनशेच्या घरात काही दिसलं तर तो बोर्ड त्याच दिवशी परत करा.

इथे एक गोंधळ आहे, तो आमच्या राज्यातल्या एका नव्या सभागृहात मी स्वतः बघितलाय, नाव घेत नाही. ० ते १० व्होल्ट म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. थिएटरवाल्या पद्धतीत कन्सोल, म्हणजे सरकपट्ट्यांचा फेडर बोर्ड, व्होल्टेज देतो आणि डिमर ते मोजतो. बिल्डिंगवाल्या पद्धतीत, जिला १ ते १० व्होल्टसुद्धा म्हणतात, ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा डबा, स्वतःच त्या दोन वायरींवर व्होल्टेज सोडतो, दोन मिलिअँपिअरपर्यंत करंट, आणि भिंतीवरचा नॉब ते व्होल्टेज खाली ओढतो. आता गंमत बघा. थिएटरवाल्या पद्धतीत वायर तुटली की दिवा बंद. बिल्डिंगवाल्या पद्धतीत वायर तुटली की दिवा फुल्ल. आणि एक व्होल्टवर आणला तरी तो बंद होत नाही, अगदी कमीवर थांबतो, बंद करायला वेगळा स्विच किंवा रिले लागतो. या सभागृहात थिएटरचा फेडर बोर्ड आणि बिल्डिंगचे ड्रायव्हर असं लग्न लावलं होतं, ब्लॅकआऊट म्हटलं की पडद्यावर हलका उजेड राहायचाच, प्रेक्षकांना सेट बदलणारी पोरं छान दिसायची. फेडर बोर्डातून करंट बाहेर येतो, पण आत ओढून घ्यायची सोय प्रत्येक बोर्डात नसते, म्हणून खाली जाताना दिवे मध्येच अडकायचे. महिनाभर सगळे एकमेकांना फोन करत होते. दिवे चांगले, बोर्ड चांगला, ड्रायव्हरही चांगले, फक्त एकमेकांचे नव्हेत.

कंट्रोलच्या वायरीचं म्हणाल तर ती २३० च्या पाइपातून नेऊ नका, वेगळ्या पाइपातून, शक्यतो शील्डवाली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलेली. एकाच पाइपात टाकली तर तिच्यात ५० हर्ट्झची घुरघुर शिरते आणि दिवे श्वास घेतल्यासारखे वर-खाली होतात, शिवाय कुठे इन्सुलेशन गेलं की २३० व्होल्ट सरळ फेडर बोर्डावर, म्हणजे जे टाळायला निघालो तेच. सगळ्या चॅनेलची परतीची वायर एकच असते, तिचा स्क्रू ढिला झाला की एक फेडर हलवला तर तिसराच दिवा हलतो. हे दिसलं की लोक बोर्डात भूत आहे म्हणतात. स्क्रू घट्ट करा. आपल्या हवेत दर पावसाळ्यानंतर सगळेच स्क्रू एकदा घट्ट करायला पाहिजेत.

आता बारा व्होल्टच्या बाजूची वायर, कारण पैसे वाचवायला हात तिथेच जातो. ट्रान्स्फॉर्मर खाली पॅनेलमध्ये ठेवला आणि दीड एमएमची वायर वर दिव्यापर्यंत दहा मीटर नेली, म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर. एवढ्या तांब्याचा रेझिस्टन्स पाव ओहमच्या आसपास. घरातल्या दिव्याला हे काहीच नाही. इथे चार अँपिअर जातात, म्हणजे एक व्होल्ट वायरीतच गेला. बारातला एक गेला तर उजेड बाराव्या हिश्शाने कमी होईल असं वाटतं, तसं होत नाही, फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो, त्यामुळे जवळपास चौथा हिस्सा उजेड जातो. त्याच वायरीवर चार दिवे टाकले तर चार व्होल्ट गेले आणि दिवे लाल. मग कोणीतरी म्हणतो डिमर खराब आहे. लोखंडी ट्रान्स्फॉर्मर दिव्याजवळ ठेवा किंवा जाड वायर वापरा. इलेक्ट्रॉनिकवाल्याच्या पुढे तर दोन-एक मीटरच्या वर नेऊच नका, तो हजारो हर्ट्झची वीज सोडतो, लांब वायर अँटेना होते आणि मंडपातल्या स्पीकरमध्ये भजनाच्या वेळी चिरचिर येते. याच ट्रान्स्फॉर्मरचा आउटपुट साध्या मीटरने मोजायला गेलात तर काहीतरीच आकडा दाखवतो, कारण तो मीटर ५० हर्ट्झसाठी बनवलाय. चांगले ट्रान्स्फॉर्मर असेच भंगारात गेलेले मी बघितलेत.

एलईडीचं वेगळंच. हॅलोजन गरम होतात, वीज खातात, म्हणून कमिट्या ५० वॉटचा हॅलोजन काढून त्याच होल्डरमध्ये ५ वॉटचा एलईडी घालतात. बिलासाठी चांगलंच आहे ते. पण मागे इलेक्ट्रॉनिक ट्रान्स्फॉर्मर असेल तर त्याच्यावर छापलेलं असतं २० ते ६० वॉट, त्याला निदान वीस वॉटचा लोड मिळाला तरच तो नीट चालतो. पाच वॉटवर तो चालू-बंद, चालू-बंद करत राहतो, डिमर लावला की आणखी. लोखंडीवर एलईडी पेटतो, पण ट्रायकला धरून राहायला जो थोडा करंट लागतो तो चार एलईडींना मिळून मंद टोकाला पुरत नाही, आणि तिथे तो फडफडतो. आमच्यात यावर जुगाड आहे, पडद्यामागे एक हॅलोजन डमी लोड म्हणून जळत ठेवायचा. नाटकापुरतं ठीक, कायमचं कसं करणार, मग वीज काय वाचवली? एलईडीच करायचे असतील तर १२ व्होल्ट डीसीचा सप्लाय आणि कंट्रोल घेणारा पीडब्ल्यूएम डिमर (वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) लावा, ट्रान्स्फॉर्मर आणि ट्रायक दोन्ही काढून टाका. अर्ध जुनं आणि अर्ध नवं ठेवलं की दोन्हीकडचे दोष मिळतात.

गावोगावी पॉलिटेक्निकची मुलं हौसेने डिमर बनवतात, त्यांचं मला कौतुकच आहे, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. ट्रायकला ट्रिगर देणारा ऑप्टोकपलर घ्यायला एमओसी ३०२१ मागा, दुकानदार ३०४१ देईल आणि सांगेल सारखंच आहे. सारखं नाही. ३०४१ फक्त लाट शून्यावर असतानाच ट्रिगर करतो, त्याने दिवा चालू-बंद होईल, मंद होणार नाही. टीसीए ७८५ ही जुनी आयसी अॅनालॉग कंट्रोलसाठी अजूनही छान आहे, पण तिच्यात कंट्रोल व्होल्टेज वाढलं की ट्रिगर उशिरा होतो, म्हणजे फेडर वर केला की दिवा मंद, आणि वायर सुटली की दिवा फुल्ल. मध्ये एक ऑपअँप घालून उलटं करा आणि इनपुटला एक रेझिस्टर खाली ओढून ठेवा, म्हणजे वायर सुटली तर दिवा बंदच राहील. ट्रायकवर स्नबर विसरू नका, पुढे कॉइल आहे.

फेडर अर्ध्यावर ठेवला की उजेड अर्धा असतो असंही धरू नका. अर्ध्या लाटेच्या बरोबर मध्ये, पाच मिलिसेकंदांवर ट्रिगर केला तर पॉवर अर्धी होते, दिव्याला साडेआठ व्होल्ट मिळतात आणि उजेड उरतो तिसऱ्या हिश्शापेक्षाही थोडा कमी. डोळ्याला मात्र तो निम्म्यासारखाच वाटतो, डोळा तसाच बनलाय, म्हणून दिग्दर्शकाने आकड्यांवरून भांडू नये, स्टेजकडे बघून सांगावं. हॅलोजन सतत मंद चालवले तर काच काळी पडते, कारण आतली हॅलोजनची साखळी चालायला काच तापलेली लागते, अडीचशे डिग्रीच्या वर. गाभाऱ्यात रात्रभर मंद ठेवणाऱ्यांनी रोज थोडा वेळ ते फुल्ल करावेत. आणि या दिव्याचा रिफ्लेक्टर उष्णता पुढे न टाकता मागे सोडतो, देवाच्या वस्त्रांना चांगलं, पण मागे सिलिंगमध्ये प्लायवुड आणि प्लास्टिकची वायर असते, तिथे उष्णता सोसणारी वायर आणि हवा खेळायला जागा पाहिजे.

आता मागणं एवढंच की पंचायती, देवस्थानचे महाजन, सभागृहं चालवणारी खाती, सगळ्यांनी टेंडर काढताना नुसतं 'डिमेबल लाइट' असं लिहू नये. ट्रान्स्फॉर्मर लोखंडी की इलेक्ट्रॉनिक आणि किती वॉटचा, डिमर पुढून कापणारा की मागून, कंट्रोल थिएटरवालं ० ते १० की बिल्डिंगवालं १ ते १० आणि आयसोलेटेड आहे का, बारा व्होल्टची वायर किती जाडीची आणि जास्तीत जास्त किती लांब, एवढं कागदावर आलं की कंत्राटदाराला पळवाट राहत नाही आणि खर्चही फारसा वाढत नाही. स्टेजच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) असायलाच पाहिजे. आज कुठल्याही मंडपात नॉबची लांब ओढलेली वायर असेल तर मेन बंद करून ती आधी काढा, जत्रेला दिवे मंद झाले नाहीत तरी चालेल, नाटक फुल्ल लाइटवरही होतं, आमच्या आजोबांनी पेट्रोमॅक्सवर केलीत.

नवीन काम ताब्यात घेताना बिल द्यायच्या आधी सगळे दिवे दहा टक्क्यांवर आणून अर्धा तास तसेच ठेवा, पंखे आणि स्पीकर बंद करून ऐका, मग मेन बंद करा आणि शिडीवर चढून एकेका ट्रान्स्फॉर्मरला हात लावून बघा. हात ठेववत नाही इतका एखादा तापला असेल, किंवा एक जरी गुरगुरला असेल, तर बिलावर सही करू नका.

आपला,
फोंड्याचा एक लाइटवाला